दुकानाचा ब्लॉग कोणासाठी लिहावा? नाशिकच्या भांडी बाजारातील अनुभव आणि काही प्रश्न

कथील (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

नाशिकच्या भांडी बाजारात आमचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान आहे. आजेसासऱ्यांनी ते सुरू केले आणि सासऱ्यांचे गुडघे दुखू लागल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षे, गल्ल्यावर मी बसते. मागील दिवाळीनंतर आम्ही दुकानाच्या संकेतस्थळाला जोडून ब्लॉग सुरू केला. त्यातून जे शिकायला मिळाले ते येथे मांडावे आणि जे अजून उमगलेले नाही ते आपणांस विचारावे, एवढ्यासाठी हा धागा काढत आहे.

पहिल्या चार लेखांची शीर्षके अशी होती: ‘आमच्या दुकानाची परंपरा’, ‘भारतीय संस्कृतीत तांब्याचे स्थान’, ‘लग्नसराईसाठी खास योजना’ आणि ‘ग्राहक हाच आमचा देव’. ते मी मनापासून लिहिले होते, परंतु घरच्या माणसांखेरीज कोणी वाचल्याचे दिसले नाही. आता त्याचे कारण कळते. त्या चारही लेखांत आम्ही आमच्याविषयीच बोलत होतो, आणि ज्याला आमच्या दुकानाचे नावही ठाऊक नाही, त्याला आमच्याविषयी जाणून घेण्याची गरज पडावी कशाला?

एका दुपारी इंदिरानगरच्या एक आजी पिशवीतून पितळी पातेले घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “बाई, यात ठेवलेले ताक दोन तासांत कळकते. भांड्यात खोट आहे का?” मी पातेले उजेडाकडे धरून आत पाहिले, तर तळाशी रुपयाएवढ्या तीन जागी कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ लेप, उडून पिवळे पितळ उघडे पडलेले होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. ताक, चिंच, आमसूल, टोमॅटो असे आंबट पदार्थ त्याला थेट लागले की तांबे पदार्थात उतरते, चव बिघडते आणि हिरवट डाग दिसू लागतात. हे मी त्यांना समजावून सांगितले. त्या आठवड्यात हाच प्रश्न आणखी तिघांनी विचारला. तेव्हा मी गल्ल्याशेजारी एक शंभर पानी वही ठेवली आणि ग्राहकाने विचारलेला प्रश्न त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायला सुरुवात केली.

पाचवा लेख त्या वहीतून आला. त्याचे शीर्षक होते, ‘पितळेच्या पातेल्यात ताक का कळकते आणि कल्हई केव्हा करावी’. आमच्याकडे येणाऱ्या कल्हईवाल्या काकांना विनंती करून मी त्यांच्या कामाची पायरीपायरीने छायाचित्रे घेतली: भात्यावर फुललेले कोळसे, तापवलेल्या पातेल्यात टाकलेली नवसागराची चिमूट, त्याबरोबर उठणारा पांढरा धूर, कथलाची कांडी टेकताच वितळून चकाकणारा थेंब आणि कापसाच्या बोळ्याने तो थेंब सगळ्या पोटभर फिरवणारा त्यांचा हात. कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून कल्हईचे रिकामे भांडे पेटत्या गॅसवर विसरले तर कल्हई गोळा होऊन निघते आणि तारेच्या घासणीने घासले तर ती लवकर झिजते, हेही लिहिले. लेखाच्या शेवटी दुकानाचा पत्ता आणि कल्हईचे काम कोणत्या वारी होते एवढेच दिले.

तीन-साडेतीन महिन्यांनी सिन्नरहून एक गृहस्थ गोणपाटात बांधलेली पाच भांडी घेऊन आले. त्यांनी दुकानाचे नाव पूर्वी ऐकलेले नव्हते. फोनवर लेख वाचून ते थेट आले होते आणि जाताना सुनेसाठी एक नवे पातेलेही घेऊन गेले. त्यानंतर अशी माणसे अधूनमधून येऊ लागली आहेत.

आता माझे प्रश्न. मराठीत लिहावे की इंग्रजीत, की दोन्ही भाषा एकाच पानावर द्याव्यात? आठवड्याला लेख आलाच पाहिजे असा काही दंडक आहे का? आणि दर महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन ‘गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो’ असे सांगणारे जे फोन येतात, त्यांचे काय करावे?

सातपूरकर

ताई, आपला अनुभव वाचून आनंद झाला, परंतु एक शंका मोकळेपणाने विचारतो. माझे सातपूर औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंगचे, म्हणजे धातूवर भुकटीचा रंग चढवून तो भट्टीत पक्का करण्याचे, छोटे युनिट आहे. ओळखीतून कामे येतात, व्हॉट्सअॅपवर गट आहे आणि गूगल नकाशावर आमची नोंद आहे. लेख लिहिण्यात जे तास जातील, त्यांत मी दोन कारखान्यांच्या खरेदी विभागांना भेटून येईन. ब्लॉगने यापेक्षा वेगळे काय साधते?

गोदातीर

सातपूरकर, मी कॉलेज रोडवर संकेतस्थळे बांधून देण्याचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नकाशावरील नोंद अत्यावश्यकच आहे. २०२१ पासून तिला ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ म्हणतात, आणि ज्यांनी ती अजून आपल्या ताब्यात घेतलेली नाही त्यांनी ब्लॉगच्या आधी ते काम करावे. स्थानिक निकाल ठरवताना गूगल प्रामुख्याने तीन गोष्टी पाहते: शोधाशी असलेली सुसंगती, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. परंतु ‘जवळचे पावडर कोटिंग’ असे शोधणाऱ्याला आपल्याला काय हवे आहे ते आधीच कळलेले असते. त्याच्या अलीकडे एक मोठा वर्ग असतो, ज्याला फक्त अडचण कळलेली असते. ताक कळकते आहे एवढेच आजींना माहीत होते. त्यावर उपाय कल्हई आहे आणि ती भांडी बाजारात होते, हे त्यांना कोणीतरी सांगावे लागले. नकाशाची नोंद ते सांगू शकत नाही. व्हॉट्सअॅपच्या गटातले उत्तम उत्तर गटातच राहते, कारण शोधयंत्राला तेथे प्रवेश नाही आणि चार दिवसांनी ते आपल्यालाही सापडत नाही. संकेतस्थळावरचे उत्तर मात्र टिकून राहते, आणि प्रश्न पडलेल्या माणसाला त्याच्या सवडीने, रात्री ११ वाजताही सापडते.

आता ताईंच्या प्रश्नांकडे वळतो. भाषेबाबत माझे मत ठाम आहे: एका पानावर एकच भाषा ठेवावी. पान कोणत्या भाषेत आहे हे गूगल त्यावरील दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवते, आणि एक परिच्छेद मराठी, एक इंग्रजी अशी सरमिसळ केली की ते ठरवणे अवघड होते. दोन्ही भाषा हव्या असतील तर दोन स्वतंत्र पाने करून ती परस्परांना जोडावीत. आपला ग्राहक घरगुती आहे, म्हणून मराठीपासून आरंभ केलात हे योग्यच झाले. २०१७ मध्ये गूगलने मराठीतून बोलून टंकण्याची सोय दिली, त्यामुळे ज्यांना कळफलक जमत नाही तेही आता घरातल्या भाषेत प्रश्न विचारू शकतात. ‘कळकते’ हा शब्द आपण शीर्षकात जसाच्या तसा ठेवलात, हे मला फार महत्त्वाचे वाटते. एखाद्या शिकलेल्या माणसाने तेथे ‘धातू आणि आम्ल यांची अभिक्रिया’ असे लिहिले असते आणि ते शास्त्रशुद्ध असूनही आजींना कधीच सापडले नसते.

एक तांत्रिक काळजी मात्र घ्यावी. लेखाच्या वेब-पत्त्यात (यूआरएल) देवनागरी अक्षरे ठेवली तर तो पत्ता चालतो, पण पुढे पाठवताना पुष्कळदा एकेका देवनागरी चिन्हाच्या जागी नऊ-नऊ रोमन चिन्हे उमटतात आणि दुवा तीन-चार ओळींचा होतो. तो संशयास्पद वाटून कोणी उघडत नाही. म्हणून पत्ता रोमन अक्षरांत आणि आटोपशीर ठेवावा. शीर्षक आणि मजकूर देवनागरीतच असू द्यावा.

आठवड्याला लेख हवाच असा दंडक नाही. लेख अमुक शब्दांचाच हवा अशीही गूगलची अट नाही. वहीत प्रश्न असेल तेव्हा लिहावे, आणि जुन्या लेखात काही बदलले असेल तर तो दुरुस्त करावा. नव्या चार कच्च्या लेखांपेक्षा एका जुन्या लेखाची दुरुस्ती अधिक फळते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

सातपूरकर

सविस्तर उत्तराबद्दल आभार. आपला मुद्दा वाचून मी आमच्या सुपरवायझरला विचारले, की फोनवर ग्राहक नेमके काय विचारतात. त्याने क्षणाचाही विचार न करता दोन प्रश्न सांगितले: कोटिंग सहा महिन्यांत पापुद्रे धरून का सुटते आणि थराची जाडी किती मायक्रॉन असावी. पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा कोटिंगच्या आधीच्या कामात असते. पत्र्यावरील तेल नीट काढले नाही किंवा फॉस्फेटिंग, म्हणजे रंग धरावा म्हणून पत्र्यावर आधी दिला जाणारा रासायनिक थर, घाईने उरकले, तर वरची पावडर कितीही चांगली असो, ती धरत नाही. दुसऱ्याचे उत्तर, सर्वसाधारण कामासाठी ६० ते ८० मायक्रॉन. ही दोन उत्तरे तो दिवसातून कितीतरी वेळा तोंडी देतो आणि आम्ही ती आजवर कोठेही लिहून ठेवलेली नाहीत.

आमचे ग्राहक अंबड, सिन्नर आणि पुण्याकडचे खरेदी अधिकारी आहेत. ते शोध इंग्रजीतूनच घेतात, त्यामुळे आमचे लेख इंग्रजीत असावेत असे मला वाटते. माझी शंका पूर्ण फिटलेली नाही, पण हे दोन लेख लिहून पाहतो.

देठपरीक्षक

निफाड तालुक्यात आमची माती, पाणी आणि द्राक्षाच्या पानदेठाच्या तपासणीची प्रयोगशाळा आहे. या धाग्यात हंगामाचा विषय अजून आलेला नाही, म्हणून लिहितो.

द्राक्षबागेचे वर्ष दोन छाटण्यांवर चालते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. बागायतदाराचे प्रश्नही त्याच क्रमाने येतात. खरड छाटणीनंतर काडीत घड तयार होण्याची चिंता असते आणि गोडी छाटणीनंतर डाऊनी या बुरशीजन्य रोगाची. आम्ही पहिल्या वर्षी गोडी छाटणीचा लेख ऐन ऑक्टोबरमध्ये टाकला. तो गूगलला सापडून, नोंदला जाऊन वर येईपर्यंत बागा फुलोऱ्यात आल्या होत्या आणि लेख वाचणाऱ्याची वेळ निघून गेलेली होती. पुढच्या वर्षी तोच लेख नव्या छायाचित्रांसह जुलैअखेर अद्ययावत केला, पत्ता तोच ठेवला, आणि सप्टेंबरमध्ये नमुने घेऊन येणारे बागायतदार सांगू लागले की देठ कोणत्या पानाचा घ्यायचा हे त्यांनी आमच्या लेखात पाहिले. नमुना चुकीचा आला की अहवालही चुकतो आणि दोष प्रयोगशाळेवर येतो. त्यामुळे त्या लेखाने ग्राहक आणले त्याहून मोठे काम हे केले की आमच्याकडे येणारे नमुने सुधारले.

दरवर्षी नव्या सालाचा नवा लेख काढू नये, हे मी आग्रहाने सांगेन. जुन्या पत्त्याला जे वाचक आणि जे दुवे मिळालेले असतात, ते नव्या पत्त्याकडे आपोआप येत नाहीत.

येवल्याचा विणकर

आमचे घर तीन पिढ्या पैठणी विणते. लेखनाची सवय नसल्यामुळे मी सुरुवातीला केवळ छायाचित्रे टाकत असे, आणि त्यावर किंमत, पोत, रंग असा सगळा मजकूर चित्रातच लिहिलेला असे. एका भाच्याने लक्षात आणून दिले की आमच्या संपूर्ण संकेतस्थळावर शोधयंत्राला वाचता येईल असा मजकूर जवळजवळ नाहीच. चित्रातली अक्षरे माणसाला दिसतात, परंतु शोधासाठी त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्यातच आमचे जुने माहितीपत्रक छापखान्यातील युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होते. ते तसेच उचलून संकेतस्थळावर चिकटवले तेव्हा पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटली. शेवटी सगळे युनिकोडमध्ये पुन्हा टंकले.

आता मी एकच लेख नीट सांभाळतो: हातमागावरची पैठणी कशी ओळखावी. पदर उलटा करून पाहावा. हातमागावर नक्षीचा प्रत्येक रंग त्याच्या जागीच गुंतवून परत फिरवलेला असतो, म्हणून मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागावरच्या साडीच्या मागे मात्र सुटे धागे लोंबताना किंवा कापलेले दिसतात. त्यासाठी एकाच मोराची दोन्ही बाजूंची छायाचित्रे शेजारी शेजारी दिली, आणि प्रत्येक छायाचित्रामागे त्याचे वर्णन शब्दांत भरले: ‘हातमाग पैठणीच्या पदराची उलटी बाजू, मोराची नक्षी’. हे वर्णन दृष्टिहीन वाचकांना ऐकू येते आणि चित्रांच्या शोधातही उपयोगी पडते. लग्नाच्या खरेदीसाठी येणारी कुटुंबे आता स्वतःहून पदर उलटा करून बघतात. एका व्यापाऱ्याने माझी छायाचित्रे उचलून आपल्या यंत्रमागाच्या साड्यांसाठी वापरली, याचे दुःख आहे. पण त्या छायाचित्रांत माझा माग आणि माझ्या घराची खिडकी दिसते, आणि ओळखणारे ओळखतात.

ब्रह्मगिरी पायथा

ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकतो, कारण त्याची किंमत मी मोजली आहे.

त्र्यंबकेश्वरजवळ आमचे घरगुती निवासस्थान आहे, सहा खोल्यांचे. २०२७ चा सिंहस्थ समोर असल्यामुळे घाईने एका संस्थेकडे वर्षाचे काम दिले. तिचे नाव घेत नाही. त्यांनी आमच्या संकेतस्थळावर भराभर लेख टाकले: ‘पंचवटीतील सर्वोत्तम निवास’, ‘नाशिकरोडमधील सर्वोत्तम निवास’, ‘सिडकोमधील सर्वोत्तम निवास’. सर्व लेखांत मजकूर एकच, फक्त भागाचे नाव बदललेले. आमचे घर यांपैकी एकाही भागात नाही. पंचवटीचा लेख वाचून एक कुटुंब रात्री रामकुंडापाशी उभे राहून मला फोन करत होते, आणि आमचे घर तेथून सुमारे ३० किलोमीटरवर आहे हे त्यांना सांगताना मला अतिशय लाज वाटली. बरोबर म्हातारे आई-वडील होते. मी गाडी घेऊन त्यांना आणायला गेलो.

त्याखेरीज त्यांनी कोठूनकोठून विकतचे दुवे लावले आणि ‘कीवर्ड टॅग’ (पानाच्या आतील, वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी) भरण्याचे वेगळे पैसे घेतले. सहा महिन्यांनी आम्ही शोधात पूर्वीपेक्षाही खाली गेलो. करार मोडला तेव्हा कळले की संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, त्यांनी स्वतःच्याच नावावर नोंदवले होते. आम्हाला नवे नाव घेऊन शून्यापासून उभे राहावे लागले.

आता मी स्वतः लिहितो आणि पाहुणे निघताना काय विचारतात तेच लिहितो. कुशावर्तावर पहाटे किती वाजता जावे म्हणजे गर्दी कमी मिळते, गाडी कोठे लावावी, ब्रह्मगिरीच्या पायऱ्या गुडघेदुखी असलेल्या माणसाला झेपतील का, पावसाळ्यात कपडे वाळतात का. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण त्र्यंबकच्या पावसात तो प्रत्येक आईला पडतो.

गोदातीर

आपल्यावर गुदरलेला प्रसंग वाचून वाईट वाटले. यातील प्रत्येक गोष्ट टाळण्याजोगी होती, म्हणून इतरांसाठी नोंद करतो.

केवळ गावाचे नाव बदलून केलेल्या पानांना गूगलच्या नियमांत ‘डोअरवे’, म्हणजे फसव्या दारांची पाने, म्हटलेले आहे आणि त्यांवर कारवाई होते. क्रमांक वाढवण्यासाठी दुवे विकत घेणे हेही नियमबाह्य आहे. गूगलच्या शोधपद्धतीतील २०१२ च्या ‘पेंग्विन’ या बदलानंतर अशा दुव्यांमुळे अनेक संकेतस्थळे खाली फेकली गेली. कीवर्ड टॅगविषयी तर गूगलने २००९ मध्येच जाहीरपणे सांगितले होते की क्रमांक ठरवताना तो विचारात घेतला जात नाही, म्हणजे त्यासाठी आपल्याकडून घेतलेले पैसे निव्वळ वाया गेले. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः सांगते. सुधारणा करून त्यांचा परिणाम दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागते असेही त्यांच्याच मार्गदर्शनात आहे, तेव्हा ताईंना साडेतीन महिन्यांत पहिला ग्राहक मिळाला ही चांगली गोष्ट मानावी.

डोमेन, संकेतस्थळाचे प्रशासकीय खाते आणि सर्च कन्सोल ही तिन्ही मालकाच्या स्वतःच्या ईमेलवर असलीच पाहिजेत. काम करणाऱ्याला प्रवेश द्यावा, मालकी देऊ नये. दुकान भाड्याने दिले म्हणून सातबारा कोणी भाडेकरूच्या नावावर करत नाही.

सर्च कन्सोलचा उल्लेख आला आहे तर थोडे त्याविषयी. ते गूगलचे मोफत साधन आहे. लोकांनी कोणते शब्द टाकले असता आपले पान दिसले, किती वेळा दिसले, किती जणांनी उघडले आणि सरासरी कितव्या स्थानी होते, ही माहिती ते १६ महिन्यांपर्यंत दाखवते. पान पुष्कळदा दिसते पण उघडले जात नाही, असे आढळले तर बहुधा शीर्षकात दोष असतो. पान दहाव्याच्या खाली रेंगाळत असेल, तर उत्तर अपुरे आहे का ते पाहावे आणि आपल्याच इतर लेखांतून त्याकडे दुवे द्यावेत. ताईंच्या गल्ल्याशेजारची वही दुकानात आलेल्यांचे प्रश्न सांगते. दुकानापर्यंत न पोहोचलेल्यांचे प्रश्न सर्च कन्सोल सांगते. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत.

देठपरीक्षक

एक विचारतो. आजकाल लेख संगणकाकडून क्षणात लिहून मिळतात. आमच्याकडच्या मुलाने तसे काही लेख तयार करून दाखवले, भाषा गुळगुळीत होती, पण एका लेखात रोगाचे वर्णन भुरीचे आणि उपाय डाऊनीचा असे झाले होते. ते प्रसिद्ध केले असते तर कोणाची तरी बाग गेली असती. अशा लेखांना गूगल चालवून घेते का?

गोदातीर

लेख कोणत्या साधनाने लिहिला यापेक्षा तो वाचकाच्या उपयोगाचा आहे का, हे पाहिले जाते, अशी गूगलची जाहीर भूमिका आहे. मात्र केवळ क्रमांकासाठी ढिगाने पाने निर्माण करण्यावर मार्च २०२४ पासून स्पष्ट बंदी आहे, मग ती यंत्राने लिहिलेली असोत वा माणसाने. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी आपल्या गुणवत्ता-मापकांच्या (शोधनिकालांचा दर्जा तपासणाऱ्या माणसांच्या) मार्गदर्शिकेत ‘प्रत्यक्ष अनुभव’ हा निकष जोडला. कल्हईवाल्या काकांचा हात, उलटा पदर आणि भुरीचे पान ओळखणारी आपली नजर यांना त्यामुळे मोल आहे. संगणकाला शुद्धलेखन पाहायला सांगावे, रोगाचे निदान सांगू नये.

एक गोष्ट लपवू नये म्हणून सांगतो. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल काही प्रश्नांची उत्तरे निकालांच्या वरच स्वतः रचून देऊ लागले आहे. ‘कल्हई म्हणजे काय’ एवढेच विचारणाऱ्याचे समाधान तेथेच होईल आणि तो आपल्या पानावर येणार नाही. परंतु ज्याला भांडे घेऊन कोठेतरी जायचेच आहे, त्याला पत्ता, वार आणि विश्वास लागतोच. म्हणून केवळ व्याख्या सांगणारे लेख कमी करावेत आणि आपल्या दुकानाखेरीज इतर कोणी देऊ शकणार नाही अशी उत्तरे वाढवावीत.

कथील

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या सूचनांनुसार दोन आठवड्यांत जे केले ते सांगते.

डोमेन कोणाच्या नावावर आहे ते तपासले; सुदैवाने ते यजमानांच्याच नावावर निघाले. कल्हईच्या लेखाचा पत्ता चार ओळींचा होता, पण तो वाचकांच्या हाती आधीच पोहोचलेला असल्यामुळे बदलला नाही. पुढच्या लेखांचे पत्ते रोमन अक्षरांत करीन. पहिल्या चारपैकी तीन लेख काढून टाकले. ‘परंपरा’ मात्र ठेवला, कारण सासऱ्यांनी तो दोनदा वाचून घेतला होता. त्यात तांबट आळीतून भांडी कशी येत आणि घडणीचे ठोके कसे मोजले जात, हे त्यांच्याकडून ऐकून नव्याने घातले. तांब्याच्या पाण्याने अमुक आजार बरा होतो असे लेख आमच्या व्यवसायात पुष्कळ जण लिहितात आणि ते वाचलेही जातात, परंतु ज्याची मला खात्री नाही ते मी दुकानाच्या नावाने लिहिणार नाही. नकाशावर चांगला अभिप्राय लिहिणाऱ्यास कल्हईत सवलत देण्याचा माझा विचार होता. तसे आमिष दाखवणे गूगलच्या नियमांत बसत नाही हे कळल्यावर तो सोडून दिला. आता भांडे परत देताना मी फक्त विनंती करते.

सर्च कन्सोल सुरू केले आणि त्यातील शब्दांची यादी वहीशेजारी ठेवली. बरेचसे प्रश्न जुळले. एक प्रश्न मात्र वहीत कधीच आलेला नव्हता आणि यादीत वेगवेगळ्या शब्दांत वारंवार दिसला: कल्हईचे भांडे इंडक्शनच्या शेगडीवर चालते का? दुकानात येणाऱ्या आजींच्या घरी गॅस असतो. हे विचारणाऱ्या बहुधा त्यांच्या सुना आणि नाती असाव्यात, ज्या गंगापूर रोडच्या किंवा पुण्याच्या सदनिकेत राहतात आणि आजीचे पातेले वापरू इच्छितात. मी घरची शेगडी दुकानात आणून तांब्याचे, पितळेचे आणि लोखंडाचे अशी तीन भांडी ठेवून पाहिली. लोखंडी तवा तापला. तांबे आणि पितळ यांना चुंबक धरत नाही, आणि साध्या इंडक्शन शेगडीने ती भांडी ओळखलीच नाहीत. तेव्हा उत्तर ‘नाही’ असे आहे. ते लिहिल्याने एखादी विक्री जाईल, हे सासऱ्यांनी बोलून दाखवले. पण चुकीचे पातेले नेऊन ते परत करायला आलेल्या मुलीला तोंड देण्यापेक्षा तिला आधीच सांगितलेले बरे, असे मी म्हटले आणि त्यांनाही ते पटले.

छायाचित्रे शनिवारी घेणार आहे. तवा, पातेले, शेगडी आणि सासऱ्यांच्या पेटीतला जुना नालाकृती चुंबक, असे सगळे एकाच चौकटीत यावे असा प्रयत्न आहे.